ती जिबोया माझी आहे

बिरिबा बेट, ९ सप्टेंबर

ओडिलिया,

फोन केला की माझा आवाज ऐकून तू ठेवून देतेस. म्हणून हा कागद. तो नुसता ठेवून देता येत नाही, फाडावा लागतो, आणि फाडण्याआधी माणसाची नजर एकदा तरी त्यावरून फिरतेच. तेवढं मला पुरे आहे. बेलेमच्या तुझ्या जनावरांच्या दवाखान्याचा पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस. माझा कुत्रा आजारी आहे असं मी तिला खोटंच सांगितलं.

माफीबिफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बावीस वर्षांत मागितली नाही, ती आता सत्तरीत मागणार नाही. एक गोष्ट विचारायची आहे आणि ती कळणारं या बेटावर कोणी नाही.

माझ्या घरात एक जिबोया आहे. बरोबर वाचलंस. साप. जिवंत.

परवा ओहोटीला वाल्देसिरचं जाळं काढायला मदतीला गेलो होतो. जाळ्यात मासा नव्हता, ही होती. दोन मीटरहून जरा जास्तच. नायलॉनचा दोरा जबड्याखाली रुतलेला. वाल्देसिरने वल्हं उचललं आणि एक हाणलं. दुसरं हाणणार तोच माझ्या तोंडून निघालं, "थांब. ती माझी आहे."

"तुझी म्हणजे?"

"माझी म्हणजे माझी. पाळलेली. सुटून आली."

वाल्देसिर इतका हसला की होडी डुलायला लागली. "अगेनोर, अरे तू जिबोयाचं काय करतोस ते अख्ख्या नदीला ठाऊक आहे."

 मी अंगातला सदरा काढून तिच्या डोक्यावर टाकला, दोरा कापला आणि तिला कसावाच्या पिठाच्या रिकाम्या पोत्यात घालून घरी आणली. का, ते विचारू नकोस. वाटभर मी स्वतःला तेच विचारत होतो.

जबडा एका बाजूला सुजलाय, रक्त येतं. मी उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुतोय. चुकत असेल तर कळव. नाही कळवलंस तरी धुणारच आहे.

अगेनोर


बिरिबा बेट, २८ सप्टेंबर

ओडिलिया,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. मी काही धक्क्यावर जाऊन लाँचची वाट बघत बसत नाही. दोनदा गेलो होतो, ते डिझेलसाठी.

तिला तुझ्या आईच्या कापडांच्या मोठ्या पेटीत ठेवलंय. कार्मोझिनाची कापडं काढून कपाटात ठेवली, झाकणाच्या जागी तारेची जाळी ठोकली. आत एक पसरट परात पाण्याची, तिला पूर्ण वेटोळं घालून बसता येईल एवढी. जखम भरली, पण जबडा वाकडाच राहिला. तोंड मिटलं तरी डाव्या बाजूला फट दिसते.

मध्ये तिचे डोळे दुधाळ निळे झाले. म्हटलं, संपलं, आंधळी झाली. मग आठवलं, दहा वर्षांची असताना तू मला ओरडून सांगितलं होतंस, "बाबा, ती आंधळी नाही, कात टाकणार आहे, तिला पाणी ठेवा." ठेवलं. कात तुकड्यातुकड्यांनी निघाली, जबड्यापाशी अडकून बसली. ओल्या फडक्याने तासभर पुसत बसलो तेव्हा सुटली. ती चावली नाही. मला वाटलं होतं चावेल.

खाण्याची पंचाईत आहे. पहिल्यांदा जिवंत उंदीर सोडला, तर तिची पकडच बसेना. उंदीर तिच्या पाठीवरून चालत गेला. आता मी सापळ्यातला मेलेला उंदीर बांबूच्या चिमट्यात धरून तिच्यासमोर हलवतो. अर्धा तास लागतो. चाळीस वर्षं तांडेल होतो, वादळात सुकाणू धरायचो. आता चिमट्यात उंदीर धरतो.

वाल्देसिरची बायको नील्झा दारात येऊन सांगून गेली, "घरात सून बाळंतीण आहे माझी. तुमची ती अवदसा दुधाच्या वासाने येईल." मी म्हटलं, "तिला वास उंदरांचा येतो. तुमच्याकडे ते भरपूर आहेत, तेव्हा येईलही." तेव्हापासून बोलत नाही. सुख आहे.

तुझी आजीही हेच म्हणाली होती ना? तुझ्या तान्ह्या भावाला, जोझुएला तीन दिवस ताप, दूध ओढेना, अंग चिपाडासारखं झालेलं. आजी म्हणाली, ओडिलियाची जिबोया येते, बाळाच्या तोंडात शेपूट देते आणि आईचं दूध स्वतः पिऊन जाते. मी तेव्हा कामावर होतो, मालाची फेरी होती, तुला माहीतच आहे. आलो तेव्हा सगळं संपलेलं होतं आणि घरभर बायका तुझ्या त्या जिबोयाकडे, फीताकडे बोट दाखवत होत्या. मी कोयता घेतला. कुठल्याही बापाने घेतला असता.

हे लिहायचं नव्हतं. आता लिहिलंय तर राहू दे.

अगेनोर


बिरिबा बेट, २ नोव्हेंबर

ओडिलिया,

आज मृतांचा दिवस. तुझ्या आईच्या आणि जोझुएच्या थडग्यावर मेणबत्त्या लावून आलो. आईच्या क्रॉसचा रंग उडाला होता, पांढरा दिला. जोझुएचा क्रॉस कुजून बोटभर उरलाय.

ती खात नाही. पाच आठवडे झाले. उंदीर समोर धरला की तोंड फिरवते. आणि गंमत अशी, की वाळत नाहीये. उलट मागचा अर्धा भाग फुगलाय. दिवसभर खिडकीतल्या उन्हाच्या पट्ट्यात पडून असते, कधी कधी अर्धं पोट वर करून. तुझी फीता अशी कधी पडायची नाही.

वाल्देसिर घरासमोरच्या फळ्यांच्या पुलावरून ओरडतो, "उपास धरलाय तिनं! तुझ्यासाठी पोटात जागा करतेय. तुझ्या शेजारी सरळ आडवी झाली की समज, माप घेतेय."

मी म्हटलं, "घेऊ दे. सत्तर वर्षांत माझं माप कोणी नीट घेतलं नाही."

पण तो गेल्यावर हसू येईना. आत काही सडत असेल तर? गाठ असेल तर? इथे एकाला विचारलं, तो म्हणतो रॉकेल पाज. दुसरा म्हणतो जंगलात फेकून दे. वाकड्या जबड्याची ती जंगलात खाणार काय, माझं डोकं?

ओडिलिया, माझ्यावर काय राग काढायचा तो काढ. तो तुझा आहे, वापर. पण तिच्यावर काढू नकोस. मी आयुष्यात कोणाच्या विनवण्या केल्या नाहीत. हीसुद्धा विनवणी नाही. चौकशी आहे. तू डॉक्टर आहेस, तुझ्या दवाखान्यात चौकशीला उत्तर देत असतील.

अगेनोर


बिरिबा बेट, २१ नोव्हेंबर

ओडिलिया,

तुझा कागद मिळाला.

"आजारी नाही, गाभण असावी. खायला घालायचा प्रयत्न करू नये. हाताळू नये. ऊन आणि सावली दोन्ही मिळेल अशी जागा द्यावी. पाणी रोज बदलावं. जिबोया अंडी घालत नाही, पिल्लं जिवंत जन्मतात, वीसेक होऊ शकतात. अंदाजे जानेवारी."

वर 'बाबा' नाही, खाली सही नाही. दवाखान्याचा शिक्का तेवढा आहे. अनोळखी गिऱ्हाइकाला लिहावं तसं. बरं. गिऱ्हाईक तर गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाने कागद खिळ्याने भिंतीवर ठोकलाय आणि रोज सकाळी वाचून तसं वागतो.

पेटी खिडकीपाशी सरकवली, अर्ध्या भागावर माडाच्या झावळ्या टाकल्या. ऊन हवं तेव्हा इकडे येते, नको तेव्हा तिकडे जाते. मी हात लावत नाही. नुसता खुर्ची टाकून बसतो. आपल्या घरात इतकं शांत कोणी कधी राहिलं नव्हतं.

चूक एवढीच केली, की आनंदाच्या भरात वाल्देसिरला बोलून गेलो. वीस पिल्लं! संध्याकाळपर्यंत बेटावर त्यांची दोनशे झाली होती. काल सहा माणसं दारात आली. वाल्देसिर पुढे. "अगेनोर, म्हातारचळ लागलाय तुला. आज रात्रीच्या आत तिला मार, नाहीतर आम्ही मारू."

मी दारात स्टूल टाकून बसलो. म्हटलं, "या. एकेक करून या, दार अरुंद आहे."

कोणी आलं नाही. सहाही जणांना पोहायला मीच शिकवलंय, आणि ते शिकवताना मी काय बोलायचो ते त्यांच्या लक्षात आहे.

अगेनोर


बिरिबा बेट, १३ डिसेंबर

ओडिलिया,

वाल्देसिरने कामेटाच्या सरकारी कचेरीत जाऊन तक्रार केली. काल वन्यप्राणी खात्याची होडी आली. अधिकारी बाई आहेत, सिलेने नावाच्या, तुझ्याच वयाच्या असतील. अख्खं बेट पुलावर जमा.

बाई म्हणाल्या, "आजोबा, रानातला प्राणी घरात ठेवता येत नाही. कायदा आहे. न्यावी लागेल."

"कायदा बरोबर असेल. पण ती गाभण आहे. या उन्हात सहा तास होडीच्या टपावर नेलीत तर पोटातली मरतील."

"गाभण आहे हे कोणी सांगितलं?"

"माझ्या मुलीने. बेलेमला जनावरांची डॉक्टर आहे." मी भिंतीवरचा कागद दाखवला.

बाईंनी चष्मा लावून वाचला. "यावर सही नाही."

"सही करण्याइतके आमचे संबंध नाहीत."

 तेवढ्यात वाल्देसिर पुलावरून ओरडला, "बाई, त्यालाच विचारा, पोरीची पाळलेली जिबोया कोणी कापली ते! पोरीच्या समोर कापली!"



"खरं आहे?" बाईंनी विचारलं.

"खरं आहे."

"मग हिला का ठेवलंत?"

उत्तर माझ्यापाशी होतं. पण ते त्या बाईंना द्यायचं नव्हतं, ते तुझं आहे. म्हणून आता बसलोय. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणं होणार नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

मी कामावर नव्हतो. मालाची फेरी मंगळवारीच संपली होती. परत येताना पलीकडच्या बेटावर संताची जत्रा होती, तिथे उतरलो. दोन दिवस प्यालो, नाचलो. पोराला दवाखान्यात न्यायला लाँच हवी, असा तुझ्या आईचा निरोप मला बुधवारी मिळाला. मिळाला, ओडिलिया. मी म्हटलं, तापच आहे, उद्या जाऊ. बिरिबावर मोटरची दुसरी होडी नव्हती, हे मला ठाऊक होतं.

गुरुवारी दुपारी आलो तेव्हा जोझुए पांढऱ्या चादरीत होता. आणि सगळ्या बायका फीताकडे बोट दाखवत होत्या. एकीनेही माझ्याकडे दाखवलं नाही. मला केवढं हायसं वाटलं, ते मी आजवर पाद्र्यालाही सांगितलेलं नाही. ते हायसं वाटणं कोणी हिरावून घेऊ नये म्हणून मी कोयता उचलला. फीता तुझ्या मांडीवर होती. तू म्हणत होतीस, "बाबा, तिला दूध ओढता येत नाही, तिला ओठच नाहीत." त्या घरात तेवढं एकच शहाणं माणूस होतं, बारा वर्षांचं. मी तुझ्या मांडीवरून तिला ओढली.

साप निर्दोष होता हे मला तेव्हाही माहीत होतं. परवा सप्टेंबरात वाल्देसिरचं वल्हं उचललेलं दिसलं आणि तोंडातून निघालं ते म्हणून निघालं.

ही माफी नाही. माफी मागितली की समोरच्याला ती द्यावी लागते, नाही दिली तर तोच वाईट दिसतो. तुझ्या डोक्यावर तेवढंही ओझं नको. घडलं तसं सांगितलं, बस.

सिलेनेबाईंनी पिल्लं होईपर्यंत मुदत दिली आहे, पण डॉक्टरची सही लागेल. माझ्यासाठी करू नकोस.

अगेनोर


बिरिबा बेट, २२ जानेवारी

ओडिलिया,

सहीचा कागद तू थेट खात्याकडे पाठवलास असं कळलं. बाईंनी सांगितलं. तू मला काही लिहिलं नाहीस. ठीक.

काल सकाळी ओहोटी लागता लागता सुरू झालं. एकेक पिल्लू पातळ पिशवीत गुंडाळलेलं बाहेर येई, पिशवी फाडून नाकाने वाट काढी. अंगावर आईसारखीच नक्षी, जणू कोणी बारीक सुईने भरली आहे. मी खुर्चीवरून हललो नाही. एकवीस मोजली. दोन मेलेली होती, ती फणसाच्या बुंध्याशी पुरली.

आईने एकाकडेही वळून पाहिलं नाही. सगळी बाहेर आल्यावर ती परातीत जाऊन बसली, पाणी प्याली. आधी राग आला. मग म्हटलं, मी कोण रागावणारा!

दुपारी वाल्देसिर आला. टोपी हातात. "अगेनोर, उंदरांनी पिठाची पोती फोडलीत माझी. एखादं पिल्लू देतोस का?"

मी त्याला विचारलं, "तुझ्या सुनेच्या दुधाचं काय?"

"ते बायका बोलतात रे."

"तक्रार बायकांनी केली होती का?"

दिलं नाही. खात्याचा कायदा आहे म्हटलं, रानातला प्राणी घरात ठेवता येत नाही.

बाई म्हणतात, पिल्लं पहिली कात टाकल्यावर रानात सोडायची आणि आईचं काय करायचं ते डॉक्टरने प्रत्यक्ष बघून ठरवायचं. दुसरा डॉक्टर आणू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नको. जिचा पेशंट तिनेच बघावा. नाही आलीस तर काय करायचं ते मी बघीन.

अगेनोर


बिरिबा बेट, १८ फेब्रुवारी

ओडिलिया,

तू स्वतः इथे होतीस, तेव्हा सांगण्यासारखं काही नाही. पण समोरासमोर जे जमलं नाही ते कागदावर जमतं, असं या सहा महिन्यांत कळलंय.

लाँचमधून उतरलीस तेव्हा मी ओळखलं नाही, हे खरं आहे. आईच्या अंत्यविधीला तू काळा चष्मा लावून लांब उभी होतीस. या वेळी चष्मा नव्हता. तू सरळ पेटीपाशी गेलीस, गुडघ्यावर बसलीस आणि तिच्याशी बोललीस, "काय गं, काय केलं तुला या लोकांनी?" मी दारात उभा. 'या लोकांनी' मध्ये मी होतो, ते बरोबरच आहे. पहिल्या दिवशी तू माझ्याशी बोललेलं एवढंच वाक्य, तेही तिच्या मार्फत. रात्री मासे आणि असाईच्या फळांच्या गराचे दोन वाडगे तू खाल्लेस, तेही मी मोजलं.

शनिवारी सिलेनेबाईंबरोबर पिल्लं ओढ्याकाठी सोडून आलो आणि तू पेटीवरून सुरुवात केलीस. "दोन मीटरचा जीव एवढ्याशा पेटीत? लाज नाही वाटत?"

"तुझ्या आईची पेटी आहे ती!"

"म्हणून तिला आयुष्यभर त्यात कोंबायचं? आईला कोंबलंत तसं?"

"हातोडा घे आणि मोठी करून दाखव! नुसती जीभ चालवू नकोस!"

नील्झा धावत बाहेर आली, तिला वाटलं खून पडतोय. आणि तू खरंच हातोडा घेतलास. पडवीची एक अख्खी बाजू जाळी लावून तिला दिलीस, आत पेरूची फांदी रोवलीस. दोन खिळे वाकडे आहेत. मी ते सरळ केलेले नाहीत, करणारही नाही.

संध्याकाळी पायरीवर बसून तू जे म्हणालीस ते मी रोज ऐकतो. "तुमचं डिसेंबरचं पत्र मला नवीन नव्हतं. त्या दिवशी लाँचच्या टपावर जत्रेच्या कागदी पताका तशाच होत्या, निळ्या आणि पिवळ्या. मी बारा वर्षांची होते, आंधळी नव्हते. फीताला मारलंत त्याहून जास्त मला ते लागलं, की तुम्ही रोज माझ्यासमोर जेवायला बसायचात आणि कामाची फेरी म्हणायचात."

 तुला वाटलं असेल, म्हातारा हट्टाने गप्प बसला. नाही. बावीस वर्षं जे लपवलं म्हणून समजत होतो, ते तू बावीस वर्षं डोळ्यांसमोर घेऊन जगत होतीस. यावर काय बोलायचं असतं ते मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर शिकव.

जबडा जुळणार नाही, तिला स्वतः शिकार करता येणार नाही, म्हणून रानात सोडू नये, असं तू लिहून दिलंस. काल सिलेनेबाई शिक्का मारलेला कागद घेऊन आल्या. प्राण्याचा सांभाळ: अगेनोर. देखरेख: तू. पुलावर उभं राहून मी तो वाल्देसिरला मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा.

मग बाई म्हणाल्या, "आजोबा, खालची ओळ बघा. छापील नियम वर्षातून एकदा तपासणीचा आहे. डॉक्टरबाईंनी ते खोडून दर तीन महिन्यांनी केलंय."

मी म्हटलं, "घाईत चुकलं असेल."

"चुकून खोडलं तर कोणी बाजूला सही करत नाही," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर कागद खिडकीपाशी नेऊन पाहिला. खोडलंय खरं. सहीसुद्धा आहे, आईच्या आणि माझ्या दोन्ही आडनावांसकट, पूर्ण.

मी कारण विचारणार नाही. विचारलं तर तू जबड्याचं निमित्त सांगशील आणि मला ते ऐकून घ्यावं लागेल. एवढंच कळवतो, की अठरा मेला भरती सकाळी नऊला आहे. नऊच्या सुमारास आलीस तर लाँच थेट आपल्या पायरीला लागते, चिखलात उतरावं लागत नाही.

अगेनोर